विजेचे ड्रम आणि वाजवी दाम



गावात एखादे नवे वाद्य आले की ते एका घरचे राहत नाही, साऱ्या आळीचे होते. एके काळी बाजाची पेटी आली आणि भजनाला बसणाऱ्या मंडळींत एक पेटीवाला निर्माण झाला. मग की-बोर्ड आला, ऑक्टापॅड आला. आता शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवाच्या मंडळात, कधी एखाद्या हौशी मुलाच्या घरी पूर्ण इलेक्ट्रॉनिक ड्रम-संच दिसू लागला आहे. तो पाहिला की बघणारा पहिला प्रश्न विचारतो, "केवढ्याला पडला?" प्रश्न चुकीचा नाही. पैसा वर्गणीचा असतो, नाहीतर बापाने उसाच्या बिलातून बाजूला काढलेला असतो. तो वाया जाता कामा नये. परंतु मला वाटते, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, तो हवा कशाला? आणि या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र पाहिल्याशिवाय वाजवी दाम म्हणजे काय हे ठरत नाही.

प्रथम हे वाद्य आहे तरी काय, ते थोडक्यात पाहू. तबल्याचा, ढोलकीचा नाद हा तिच्या अंगातून येतो. लाकूड, कातडे, शाई यांचा तो गुण असतो. तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे त्याच्या नादात सुरेलपणा कसा येतो, याचा अभ्यास खुद्द चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केला होता आणि १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात त्याविषयी लिहिले होते. विजेच्या ड्रमचे तसे नाही. तेथे ज्यावर आपण काठी मारतो ती गादी, म्हणजे पॅड, जवळजवळ मुकी असते. तिच्या पोटात एक लहानशी चकती बसवलेली असते. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत वीज उत्पन्न होते, हा गुण १८८० साली झाक आणि पिएर क्यूरी या दोघा भावांनी शोधून काढला. तोच गुण या चकतीत आहे. काठी पडली की चकतीतून विजेचा एक हेलकावा निघतो. तो तारेने एका पेटीकडे जातो. या पेटीला मॉड्यूल म्हणतात. आपण तिला नादपेटी म्हणू. आघात हलका होता की जोराचा, हे नादपेटी मोजते आणि आपल्या साठ्यातला योग्य तो आवाज हेडफोनमध्ये किंवा स्पीकरमध्ये सोडते. हे सारे इतक्या झटपट घडते की वाजवणाऱ्याला काठी आणि आवाज यांत अंतर जाणवत नाही. निदान जाणवू नये.

शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात सांगता येईल. गॅस पेटवण्याच्या काही लायटरमध्ये बटण दाबताच ठिणगी पडते, तिच्यामागेही हेच तत्त्व असते.

म्हणजे या वाद्याचे दोन भाग झाले. आवाज पेटीत आहे आणि स्पर्श गादीत आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की दुकानातली निम्मी फसगत टळते. कारण दुकानात आपण आवाजावर भाळतो, आणि घरी आल्यावर मनगटाला रोज गाठ पडते ती स्पर्शाशी.

स्पर्शाचा प्रश्न या वाद्याच्या जन्मापासूनचा आहे. १९८१ साली इंग्लंडमध्ये सिमन्स कंपनीचा षटकोनी पॅडचा संच निघाला. त्याचा आवाज जगभर गाजला, पण पॅड इतके कठीण होते की वाजवणाऱ्यांची मनगटे दुखत. १९८५ साली जपानच्या रोलंड कंपनीने आठ खान्यांचे पॅड काढले. हाच आपला ऑक्टापॅड. त्या पहिल्या ऑक्टापॅडला स्वतःचा आवाज नव्हता, तो जोडलेल्या दुसऱ्या यंत्राला फक्त हुकूम देई. पुढे १९९७ साली याच कंपनीने धाग्यांच्या विणलेल्या जाळीचे पॅड आणले. जाळी कातड्यासारखी ताणता येते, काठी तिच्यावर मऊपणे उसळते आणि बाहेर आवाजही फार होत नाही. पूर्वी जाळी फक्त महागड्या संचांत मिळे. आज ती अनेक साध्या संचांतही मिळते. तेव्हा नवशिक्याने रबरी पॅडचा संच स्वस्त म्हणून घेण्याआधी, थोड्या जास्त पैशांत जाळीचा मिळतो का हे अवश्य पाहावे.

आता हवा कशाला, या प्रश्नाकडे येऊ.

समजा, शाळेला कवायतीसाठी आणि प्रभातफेरीसाठी ताल हवा आहे. मग हा संच नकोच. मैदानात तारा ओढायच्या, स्पीकर लावायचा, वीज गेली की गप्प बसायचे, हा व्याप कशाला? तेथे साधा साइड-ड्रम आणि मोठा ढोलच चांगला. मुले तो गळ्यात अडकवून चालू शकतात.

समजा, भजनी मंडळाला किंवा गाण्याच्या पार्टीला ढोलकी-तबल्याच्या जोडीला चार वेगळे आवाज हवे आहेत. तेथे पाच-सहा पॅड, दोन-तीन झांजा आणि पायाची दोन पेडल असा पसारा मांडण्यापेक्षा एक ऑक्टापॅड पुरतो. तो एका स्टँडवर मावतो आणि एस.टी.तून नेता येतो.

समजा, मंडळाला तो वर्षातून गणपतीचे दोन दिवस लागतो. तर कागद-पेन्सिल घेऊन बसावे. छत्तीस हजारांचा संच पाच वर्षांत दहा दिवस वाजला, तर एका दिवसाला तीन हजार सहाशे रुपये पडले. उरलेले दिवस तो समाजमंदिराच्या कोपऱ्यात धूळ खाणार आणि उंदीर तारा कुरतडणार. त्यापेक्षा भाड्याने आणावा, किंवा आपला संच घेऊन येणारा वादकच बोलवावा. त्या वादकाच्या घरीही चार पैसे जातात.

परंतु समजा, घरात एखादे मूल आहे, त्याच्या बोटांत ताल आहे, जेवताना ताटावर आणि अभ्यास करताना बाकावर ते ठेका धरते. त्याला हातापायांचा ड्रम खरोखर शिकायचा आहे. घरे भिंतीला भिंत लागून आहेत, शेजारी आजारी माणूस आहे. तेथे साधा ड्रम वाजवणे अशक्य. हा संच मात्र कानाला हेडफोन लावून रात्रीही वाजवता येतो. तोच छत्तीस हजारांचा संच त्याने तीन वर्षे रोज वाजवला, तर महिन्याला हजार आणि दिवसाला सुमारे तेहतीस रुपये पडले. संच तोच आणि किंमत तीच, पण एका ठिकाणी तो महाग आहे आणि दुसऱ्या ठिकाणी स्वस्त. वाजवी दाम हे नुसते चिठ्ठीवर लिहिलेले नसते, ते आपल्या वापरात असते, असे मी म्हणतो ते यासाठी.

गरज ठरली की मग हिशेब. आपल्याकडे म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. या वाद्याच्या बाबतीत मसाला आधी विचारून घ्यावा. जाहिरातीतल्या चित्रात सारे मांडलेले दिसते, पण पेटीत सारे असतेच असे नाही. बसायचे स्टूल, हेडफोन, काठ्या, काही वेळा पायाने वाजवायच्या ढोलाचे पेडलसुद्धा वेगळे घ्यावे लागते. चारचौघांत ऐकवायचे तर स्पीकर हवा. तोही घरातल्या गाणी ऐकायच्या संचाला जोडून भागत नाही. ड्रमचा ठोका एकदम आणि जोराचा असतो, त्याने हलका स्पीकर फाटण्याची भीती असते. त्यासाठी वाद्यांकरिता बनवलेला अॅम्प्लिफायर लागतो, किंवा मंडळाच्या ध्वनिक्षेपकाला जोड द्यावी लागते.

उदाहरणादाखल, मंडळाजवळ चाळीस हजार आहेत असे धरा. एक दुकानदार अडतीस हजारांचा संच दाखवतो, त्यात नादपेटीत आवाज भरपूर, पण स्टूल नाही, हेडफोन नाही, पेडल नाही. दुसरा तीस हजारांत जाळीचा संच पेडलसह देतो. त्यावर स्टूल, तारेचा हेडफोन, दोन काठीजोड आणि खाली अंथरायची जाड रबरी चटई यांना समजा सहा हजार लागले, तरी हातात चार हजार उरतात. पहिल्याकडे संच आला, पण वाजवायला सुरुवात होत नाही. दुसऱ्याकडे त्याच संध्याकाळी ताल धरता येतो. म्हणून दुकानदाराला नेहमी असे विचारावे, "अहो, घरी नेऊन आज रात्रीच वाजवायचा तर एकूण किती?" या एका वाक्यात पुष्कळ गोष्टी उघड होतात.

हेडफोन मुद्दाम तारेचा म्हटला. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गाणे ऐकताना ते कळत नाही, पण ठेका धरताना हात गोंधळतो. आणि रबरी चटई म्हटली ती शेजाऱ्यासाठी. पॅडचा आवाज हळू असला तरी पायाच्या पेडलचा धक्का जमिनीतून जातो. माडीवर संच मांडला की खालच्या माणसाच्या डोक्यावर घण पडल्यासारखे होते.

आता परीक्षा कशी करावी? बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून बघतो, आणि मगच उपरण्याखाली बोटे धरून भाव करतो. नुसत्या शिंगांच्या रंगावर कोणी बैल घेत नाही. नादपेटीवर 'चारशे आवाज' असे लिहिलेले असते, ते शिंगांच्या रंगासारखे समजावे. शिकणारा मुलगा वर्षानुवर्षे त्यातले पाच-दहा आवाजच वापरतो. शिवाय बऱ्याच संचांची नादपेटी तारेने संगणकाला जोडता येते आणि हवे ते नवे आवाज तेथून घेता येतात. आवाज पुढे वाढवता येतो, पण वाईट स्पर्श सुधारता येत नाही.

म्हणून दुकानात पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, हलकी थाप. काठी अगदी अलगद टेकवा, मग हळूहळू जोर वाढवा. आवाजही तसाच पायरीपायरीने चढला पाहिजे. हलकी थाप जर हरवत असेल किंवा हळू-जोरात असे दोनच आवाज निघत असतील, तर त्या संचावर हाताला नजाकत येणार नाही.

दुसरी, मध्य आणि कड. पॅडच्या मधोमध मारा आणि मग कडेकडेने. काही पॅडांत चकती मधोमध असल्यामुळे तेथे आवाज एकदम मोठा येतो. थोडा फरक चालेल, पण दचकवणारा फरक नको.

तिसरी, शेजारचा पॅड. एका पॅडवर जोराने मारा आणि दुसरा आपोआप वाजतो का ते ऐका. चौकटीचा हादरा दुसऱ्या चकतीपर्यंत पोहोचला की असे भुताटकीचे ठोके निघतात. नादपेटीत ते कमी करण्याची सोय असते. दुकानदाराला ती करून दाखवायला सांगावे.

चौथी, हाय-हॅटचे पेडल. ड्रममधील जोडझांज पायाने उघडते आणि मिटते. साध्या संचात कधी उघडी आणि बंद अशा दोनच अवस्था असतात. चांगल्यात अर्धी उघडी, पाव उघडी असे टप्पे मिळतात. ठेक्याचा निम्मा रंग येथेच असतो.

पाचवी, पायाचा ढोल. काही स्वस्त संचांत नुसती पट्टी असते, तिच्यावर पाय दाबला की आवाज येतो. काहींत मात्र खरे पेडल असते आणि त्याचा हातोडा उभ्या पॅडवर जाऊन आदळतो. पुढे खऱ्या ड्रमवर बसायचे असेल तर पायाला सवय या दुसऱ्याचीच हवी.

या परीक्षेला मुलालाच बसवावे. बापाने वाजवून मुलासाठी घेऊ नये. आणि आपले काठीजोड, आपला हेडफोन बरोबर न्यावा. दुकानातल्या भारी स्पीकरवर सारेच गोड लागते.

जुना संच घेण्यास हरकत आहे का? मुळीच नाही. पुष्कळ मुलांची हौस सहा महिन्यांत फिटते आणि त्यांचे संच जवळजवळ नवे असतात. परंतु येथेही दोन भाग आठवा. फाटलेली जाळी बदलता येते, तार बदलता येते, काठ्या तर बदलाव्याच लागतात. नादपेटी बिघडली तर मात्र गावाकडे दुरुस्ती अवघड. म्हणून जुन्यात आधी नादपेटी पाहावी. प्रत्येक खटका दाबावा, आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते का ऐकावे, हेडफोनच्या दोन्ही कानांत आवाज येतो का पाहावे. प्रत्येक पॅडची तार किंचित हलवून बघावी, ठोका तुटत असेल तर जोडणी सैल आहे. अर्धा तास सलग चालू ठेवावी. तिचा अॅडॉप्टर मूळचा आहे का, हेही बघावे. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, जपानात १००, अमेरिकेत १२० व्होल्टची. परदेशातून कोणी आणलेला संच तेथल्या अॅडॉप्टरसह थेट आपल्या भिंतीत खोचला तर तो जळू शकतो. आणि बदली अॅडॉप्टर घेताना नुसती पिन बसली म्हणून भागत नाही. व्होल्ट, अँपिअर आणि पिनच्या आतील धन-ऋण टोके, तिन्ही जुळली पाहिजेत.

भाव करताना एक युक्ती सांगतो. किंमत कमी करायला दुकानदार नाखूश असला, तर जिन्नस वाढवून मागावेत. "दोन हजार कमी करा" म्हटले की तो मान हलवतो, पण "मग स्टूल आणि चटई त्यातच द्या" म्हटले की पुष्कळदा राजी होतो. दोन-तीन ठिकाणचे एकूण भाव कागदावर लिहून घ्यावेत. कंपनीचा नवा नमुना बाजारात आला की आधीचा उतरत्या भावात मिळू शकतो, आणि शिकणाऱ्याला तो तितकाच उपयोगी असतो. ऐन गणपतीच्या तोंडावर घाईने जाणाऱ्याला मात्र भाव करायला तोंड राहत नाही. काम असे घाईवर आणू नये.

पावतीबद्दल मी थोडा आग्रहाने बोलणार आहे. "बिलाशिवाय घ्या, हजार वाचतील," असे सांगणारे भेटतात. हे हजार वाचत नसतात, हमी विकली जात असते. पक्के बिल, त्यावर संचाचा अनुक्रमांक आणि तारीख, आणि दुकानाच्या शिक्क्याचे हमीपत्र इतके हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हमी कोणत्या भागांना आहे आणि दुरुस्तीचे केंद्र कोठे आहे, हेही विचारावे. माल घरपोच मागवला असेल तर पेटी उघडताना फोनवर चित्रीकरण करावे आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत पेटी फेकू नये.

आणि तरीही दगा झाला, तर गप्प बसू नये. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते, दुकान दुसऱ्या शहरात असले तरीही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र गेले पाहिजे. स्वतः वाजवून पोट भरणाऱ्या कलावंतालाही हा कायदा ग्राहकच मानतो. वर्गणीच्या पैशाने खरेदी करणाऱ्या मंडळांनी हे कागद एका फायलीत ठेवावेत. पुढच्या वर्षी हिशेब विचारला जातो तेव्हा ती फाइलच तोंड उघडते.

संच घरी आल्यावर दोन पथ्ये पाळावीत. वीज कमी-जास्त होत असेल तर वाजवून झाल्यावर पिन काढून ठेवावी, आणि वर सुती कापड घालावे. हेडफोनचा आवाज बेताचा ठेवावा. बाहेर शांत असते म्हणून घरच्यांना कळत नाही, पण आत मुलाच्या कानावर घण पडत असतात. कान बिघडला तर तालही गेला आणि सूरही गेला.

शेवटी एक गोष्ट पालकांना आणि शिक्षकांना सांगावीशी वाटते. या यंत्रात तबल्याचा आणि ढोलकीचा आवाज भरलेला असतो, पण तबला त्यात नसतो. बोटांनी घडवायचे बोल काठीने निघत नाहीत. तेव्हा हा संच आला म्हणून घरातली ढोलकी माळ्यावर टाकू नये आणि गावातल्या जुन्या वादकाला विसरू नये. उलट मुलाला त्याच्याकडे पाठवावे. मात्रा मोजणे, समेवर येणे, दुसऱ्याचे गाणे ऐकत ऐकत वाजवणे, हे कोणत्याही नादपेटीत भरलेले मिळत नाही. ते माणसाकडूनच घ्यावे लागते. संच विकत घेताना त्या शिकवणीसाठी महिन्याकाठी काही रुपये राहतील, इतका भाव ज्याला जमला, त्याला संच वाजवी दामात मिळाला असे मी म्हणेन.